मदत हवी आहे: 'आय वॉज गिव्हन अ प्राइझ' म्हणजे मीच दिली गेले का?

नमस्कार मंडळी. लेक दहावीत आहे, सेमी इंग्रजी. 'चेंज द व्हॉइस'वरून घरात आठवडाभर धुमश्चक्री चालू आहे. मी स्वतः मराठी माध्यमातली, एबीसीडी पाचवीत गेल्यावर गिरवली. तेव्हा जाणकारांनी जरा सावकाश समजवावं.

आमच्या बाईंची युक्ती मी तिला दिली: क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारायचं, उत्तर येईल ते कर्म. ते उचलून पुढे ठेवायचं, मग इज-वॉज, क्रियापदाचं तिसरं रूप, शेवटी बाय. पत्र लिहिणं, आंबा खाणं इथपर्यंत छान चाललं. मग आलं 'शी हॅज अ कार'. काय आहे? कार. लेकीने लिहिलं 'अ कार इज हॅड बाय हर'. वहीत लाल फुली, कारण काही लिहिलेलं नाही.

'दे डिस्कस्ड द प्रॉब्लेम' घेतलं. मराठीत 'त्यांनी प्रश्नावर चर्चा केली'. काय केली? चर्चा. मग ती चर्चा इंग्रजी वाक्यात कुठे गेली? आणि 'द टीचर गेव्ह मी अ प्राइझ'चं उत्तर गाइडमध्ये 'आय वॉज गिव्हन अ प्राइझ' असं आहे. हे वाचून मला वाटलं, बक्षीस राहिलं बाजूला, मलाच कोणाला तरी देऊन टाकलं!

शेवटची शंका माझी स्वतःची. 'मुलाने चिठ्ठी लिहिली' हा कर्मणी प्रयोग ना? मग इंग्रजीत ते पॅसिव्ह का होत नाही?

प्रतिसाद

ताई, तुमच्या शेवटच्या शंकेत बाकीच्या शंकांची किल्ली आहे. 'मुलाने चिठ्ठी लिहिली' यात क्रियापद चिठ्ठीच्या तालावर चालतं, म्हणून 'लिहिली'. पत्र असतं तर 'लिहिलं'. पण वाक्य अजून मुलाचंच आहे, त्याला कोणी मागे ढकललेलं नाही. म्हणून इंग्रजीत सरळ 'द बॉय रोट अ लेटर'. पॅसिव्हच्या जवळ जातं ते 'चिठ्ठी लिहिली गेली' किंवा 'लिहिण्यात आली'. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह हे समीकरण शाळेत सर्रास सांगतात. मीही कैक वर्षं सांगितलं, नंतर सोडलं.

बाईंची युक्ती चांगली आहे, पण प्रश्न इंग्रजी क्रियापदाला विचारा, मराठी भाषांतराला नाही. डिस्कस या एका शब्दात 'चर्चा करणे' सगळं मावतं. त्यामुळे डिस्कस्ड व्हॉट? द प्रॉब्लेम. झालं: 'द प्रॉब्लेम वॉज डिस्कस्ड बाय देम'. (मुलं 'डिस्कस अबाउट' लिहितात तेही या 'वर'मुळेच.) उलट 'आय लाइक मँगोज' बघा. मराठीत 'मला आंबे आवडतात', क्रियापद आंब्यांच्या मागे जातं. इंग्रजीत आंबे मुकाट्याने कर्म.

गिव्हला दोन कर्मं असतात, मी आणि प्राइझ. दोन्हीपैकी कोणतंही पुढे येऊ शकतं. 'अ प्राइझ वॉज गिव्हन टू मी' बरोबरच आहे, पण बोलताना माणूस पुढे येतो. मराठीत 'मला बक्षीस देण्यात आलं' म्हणताना 'मला' हलत नाही, इंग्रजीत त्याचा 'आय' होतो. तुम्ही दिल्या गेला नाहीत, निर्धास्त राहा.

हॅवचं मात्र पाठच करावं लागतं. मालकीचा हॅव, लॅक, रिझेम्बल, कॉस्ट, मापात बसणारा फिट, यांच्यापुढे नाम येतं, तरी पॅसिव्ह होत नाही.

दुसरा प्रतिसाद

'द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड' राहिलं की! हॅपन, अराइव्ह, डाय यांना कर्मच नाही, म्हणून पॅसिव्हही नाही. आमच्या ऑफिसच्या मेलमध्ये आठवड्याला एकदा तरी हा अपघात होतो.

धागाकर्ती

खूप आभार! लेकीला 'डिस्कस्ड व्हॉट?' लगेच पटलं. आता ती विचारतेय, 'एव्हरीवन लाफ्ड अ‍ॅट मी'चं काय? लाफला तर कर्म नाही.

प्रतिसाद

लाफला नाही, पण 'लाफ अ‍ॅट' जोडीने एकच क्रियापद धरायचं. 'आय वॉज लाफ्ड अ‍ॅट बाय एव्हरीवन.' अ‍ॅट आणि बाय शेजारी शेजारी बघून मुलं अ‍ॅट खोडतात, तो खोडू देऊ नका.