विषय: जूनची सहल यंदा रात्री, काब्रिलो बीचवर?

नमस्कार मंडळी,

जूनची सहल आपण दरवर्षी सकाळी हंटिंग्टन बीचला ठेवतो आणि दुपारपर्यंत स्वेटर घालून उन्हाची वाट बघत बसतो. खाली गार समुद्र, वर तापलेली हवा, मध्ये अडकलेला ढग; जून संपेपर्यंत सकाळी तो काही हलायचा नाही. भारतातून आलेले आईवडील विचारतात, "हेच का तुमचं कॅलिफोर्निया?"

म्हणून सुचवते, यंदा वटपौर्णिमा झाल्यावर दोन-तीन रात्रींनी लॉस एंजेलिसमधल्या सॅन पेड्रोच्या काब्रिलो बीचवर जाऊ. ग्रनियन बघायला. वीतभर लांबीचा हा चंदेरी मासा मार्च ते ऑगस्ट या काळात पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या काही रात्री भरतीबरोबर चक्क वाळूवर येतो. मादी शेपटीकडून वाळूत रुतते, नर तिला विळखा घालतात, अंडी घालून झाली की पुढच्या लाटेबरोबर सगळे परत. अर्ध्या मिनिटाचा मामला! तिथलं मत्स्यालय अशा काही रात्री खास कार्यक्रम ठेवतं. तिकीट आधी काढावं लागतं, म्हणून आत्ताच विचारतेय.

– कार्यवाह

---

ताई, कल्पना मस्त, पण मासे दहाच्या पुढे येणार ना? आमची धाकटी साडेआठलाच पेंगते. शिवाय एवढं जागून मासे आलेच नाहीत तर? आणि आले तर पकडता येतात का, हे आमच्या घरातून विचारलंय. (तव्यासाठी. मी नाही विचारलं.)

– अर्व्हाइनची वहिनी

---

वहिनी, तवा घरीच ठेवा. एप्रिल ते जून पकडायला पूर्ण बंदी. जुलैपासून हातांनी पकडता येतात. जाळं नाही, वाळूत खड्डा खणणं नाही, सोळा आणि त्यावरच्या वयाच्यांना परवाना हवाच. आपल्याकडेही १ जूनपासून बोटी किनाऱ्याला लागतात ना? विणीच्या दिवसांत माशाला हात लावायचा नाही, हे मालवणच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

येण्याची हमी कोणीच देत नाही. पण हिशेब सोपा आहे. उधाणाच्या भरतीचा जोर ओसरू लागला की ते येतात, म्हणजे अंडी वाळूत वरच्या अंगाला राहतात आणि रोजची लाट तिथवर पोचत नाही. साधारण दोन आठवड्यांनी पुढचं उधाण आलं, वाळू ढवळली, की पिल्लं फुटून पाण्यात. आधी चार-दोन मासे टेहळणीला येतात. त्यांच्यावर टॉर्च मारला की बाकीचे फिरकत नाहीत. तेव्हा स्पीकर नको, अंताक्षरी तर नकोच. आपल्या मंडळाला हे जमेल का, एवढीच शंका.

– मालवणचे काका

---

काका, अंताक्षरी गाडीत उरकू.

वहिनी, धाकटीसाठी मासे आले नाहीत तरी गंमत आहे. मत्स्यालयात वाळूतली अंडी समुद्राच्या पाण्यात घालून बाटली हलवायला देतात. बघता बघता बारीक डोळ्यांची पिल्लं वळवळायला लागतात. मागच्या वर्षी माझा मुलगा बाटली खाली ठेवायलाच तयार नव्हता. हे सगळं किनाऱ्यावर जायच्या आधीच होतं, म्हणजे ती पेंगली तरी तेवढं बघून झालेलं असेल.

जेवण सहाला, बीचवरच: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीबुत्ती. झाकण घट्ट लावा, तिथले सीगल पिशवीत चोच घालतात. बिअर कोणी आणू नये, बीचवर चालत नाही. जाड जॅकेट आणि बदलायला पायजमे घ्या. लाट गुडघ्यापर्यंत येतेच.

हंटिंग्टनला शेकोटी पेटवायची ज्यांना हौस आहे, त्यांची सहल जुलैत वेगळी काढू.

रविवारपर्यंत मोठे किती, मुलं किती आणि कोणाच्या गाडीत जागा आहे, ते कळवा. फक्त मला उत्तर द्या, सगळ्या लिस्टला नको.

– कार्यवाह