सोनं खरं आणि पाटल्या खोट्या?

बागेसरी

नमस्कार मंडळी. मी सोनार. नेवाशाजवळच्या एका बाजारगावात वडिलांचं दुकान चालवतो, एकतीस वर्षं शेगडीपुढे बसतोय. बागेसरी म्हणजे आमची ती शेगडीच. संत नरहरी सोनारांनी देहाला 'बागेसरी' म्हटलंय, तिथून हे नाव घेतलं.

गेल्या महिन्यात सप्ताहात कीर्तन ऐकलं. ब्रह्म आणि जग समजावताना बुवांनी आमचाच दृष्टांत घेतला. गोठ, पाटली, बिलवर ही नुसती नावं, आटवलं की सगळं एकच सोनं. सोनं खरं, दागिना खोटा. तसं ब्रह्म खरं, जग खोटं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. लहानपणापासून ऐकत आलोय.

दोन दिवसांनी एक ताई आईच्या पाटल्या घेऊन आल्या. आई गेली, आता मोड घालून दोन्ही मुलींना काहीतरी करायचं होतं. वजन केलं, कसोटीवर घासून पाहिलं. आतल्या अंगाने पत्रा झिजून कागदासारखा झालेला. आणि एका पाटलीच्या कडेला चार बारीक खोचा, ओळीने. म्हटलं, ताई, हे आपटून झालेलं दिसत नाही. त्या म्हणाल्या, "मला दात येत होते ना, तेव्हा मी चावायचे. आई सांगायची."

मूस तापलेली होती. माझा हात पुढे होईना. ताईंना म्हटलं, आठ दिवस थांबा.

आता प्रश्न. आटवल्यावर सोनं राहतं, कबूल. मग त्या खोचा होत्या की नव्हत्या? आणि दुसरं, जे जास्त डोक्यात घोळतंय. एवढ्या वर्षांत बिनआकाराचं सोनं मी एकदाही पाहिलं नाही. मुशीत असलं की गोळा, ओतलं की लगड, जंत्रीतून ओढलं की तार. कानशीने उडालेला कीससुद्धा आकाराशिवाय नसतो. मग आकार खोटा आणि सोनं तेवढं खरं, हे कुणी कुठे उभं राहून पाहिलं? वाद घालायला विचारत नाही. झोप लागत नाही म्हणून विचारतोय.

गोदाकाठ

दादा, आधी एक शब्द नीट करूया. शंकराचार्य जगाला 'मिथ्या' म्हणतात, 'खोटं' नाही. सशाचं शिंग खोटं, कारण ते कधी दिसतच नाही. दोरीवर दिसलेला साप मिथ्या. तो दिसतो, घाम फोडतो, पण दिवा आणला की उरत नाही. सत् म्हणता येत नाही आणि असत् म्हणता येत नाही, ते मिथ्या. तोवर व्यवहारात जग खरंच धरायचं. तुमचा तराजू, पावती, ताईंची आई, सगळं व्यावहारिक सत्तेत खरं.

दृष्टांत मुळात छांदोग्य उपनिषदातला, सहाव्या अध्यायातला. श्वेतकेतू बारा वर्षं शिकून ताठ होऊन घरी येतो, तेव्हा उद्दालक त्याला माती, सोनं आणि लोखंड अशी तीन उदाहरणं देतो. विकार, म्हणजे बदललेला आकार, हा वाणीने ठेवलेलं नाव, खरी ती मातीच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असं देता येईल: गोळा गेला, लगड आली, लगड गेली, तार आली. प्रत्येक वेळी आकार बदलला, सोनं सुटलं नाही. जे सुटत नाही ते खरं. बिनआकाराचं सोनं डोळ्यांनी पाहायची गरज नाही.

धम्मवाट

जय भीम. आमच्याकडे याच्या पुढची पायरी आहे. मिलिंद राजा रथात बसून आला, तेव्हा नागसेन भंतेंनी विचारलं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सगळं जोडून जे दिसतं त्याला व्यवहारात रथ म्हणतात, आत वेगळा रथ नाही. मग दागिन्याखाली न बदलणारं सोनं तरी का धरायचं? सगळंच कारणांनी घडतं, कारणं सरली की सरतं. पण म्हणून ताईंचं दुःख खोटं ठरत नाही. बुद्धांनी सुरुवातच 'दुःख आहे' इथून केली.

पैस

सोनारदादा, नेवाशाजवळ राहून तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला. तुमच्या जवळच नेवाशाच्या पैस खांबाला टेकून शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तुमचं उत्तर त्याच माउलींनी देऊन ठेवलंय. चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं, त्याला उत्तर म्हणून लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत आहे:

सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें ।
तेविं न वेंचतां जग होणें । अंगें जया ॥

सोनेपणात काही उणं न येता सोनं दागिना झालं. तसं ते स्वतः न खर्चता स्वतःच्या अंगाने जग झालं. शब्द बघा, 'झालें लेणें'. भासलं, असं म्हणत नाहीत. गोदाकाठ म्हणतात तो साप दिवा आणल्यावर जातो. लेणं दिव्यात जास्त उजळतं! अमृतानुभवात तर जगाला कारण म्हणून अज्ञान मानायलाच माउली तयार नाहीत. दहा प्रकरणांतलं सातवं, सगळ्यांत मोठं, फक्त अज्ञानाचं खंडन करण्यात गेलंय. आणि डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार त्याच दगडात करतात, तशी भक्ती का असू नये, असं पुढे विचारतात. वेरूळचं कैलास लेणं आठवा. त्या देवळातून डोंगर वेगळा काढून दाखवा.

म्हणून तुम्हाला बिनआकाराचं सोनं सापडत नाही. लेणं हे सोन्याचं झाकण नव्हेच, ते सोन्याचं असणं आहे.

बागेसरी

सगळ्यांचे आभार. गोदाकाठ, मिथ्या आणि खोटं यातला फरक मला आजवर कुणी सांगितला नव्हता. पण 'सुटत नाही ते खरं' म्हणता, तर दुकानातला अनुभव सांगतो. आटवताना थोडी तूट येतेच, सांधे जोडायला लावलेल्या डाकाचं हीण जळतं. मुशीतून निघालेलं सोनं घातलं तेवढंच आणि तसंच कधी नसतं. माउलींचं 'उणें न येतां' हे मुशीबद्दल नाहीच, हे आज कळलं. तिथे आटवणं नाहीये, घडवणं आहे. मी दृष्टांत उलट्या टोकाने धरून बसलो होतो.

धम्मवाट, तुमचं शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या ताईंना आधी विचारलंत का, खोचा ठेवायच्या आहेत का म्हणून? मी विचारलंच नव्हतं.

खोचांची पाटली तशीच ठेवून दुसरी आटवली, तर दोन्ही मुलींच्या कानांतलं होईल एवढं सोनं निघतं. हिशेब करून ठेवलाय. ताई मंगळवारी येणार आहेत. पाटल्या चिठ्ठी लावून तिजोरीत आहेत.