मदत हवी आहे: जुन्या मिलिंग मशीनचं सॅडल जाम, आर्बरही (कटर बसवायचा दांडा) निघेना

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं लहान वर्कशॉप आहे, यंत्रमागाचे सुटे भाग करतो. एका बंद कारखान्यातून जुनं आडवं मिलिंग मशीन आणलंय. मोटर चालते, गिअर पडतात, नी (टेबल पेलणारा खालचा भाग) वर-खाली होते, टेबलही जड का होईना सरकतं. सॅडल (नी आणि टेबल यांच्यामधला सरकता भाग) मात्र पुढं-मागं केसभर हलत नाही. हँडल थोडं मोकळं फिरून अडतं, म्हणजे स्क्रू-नट जाम नसावेत. अडकलंय ते स्लाइडवर (सरकायच्या पृष्ठभागावर). लॉक सैल आहे, ते आधीच पाहिलं.

वायपर (स्लाइडवरची घाण पुसणारे पट्टे) काढून बघितलं तर गंज फारसा नाही. जुनं तेल वाळून त्यात कापसाची धूळ बसलीय, पार नमदा झालाय. लूमच्या शेडमधलं मशीन, दुसरं काय होणार!

डिझेल सोडतोय. शेजारचे मिस्त्री म्हणतात गॅस लावा, नाहीतर घण घाला. दोन्हीला माझा नकार. बीड (ओतीव लोखंड) आहे ते, एकाच जागी तापलं की तडकायचं.

गिब (स्लाइडमधली फट भरणारी पाचर) टेपरची आहे. कुठल्या बाजूनं ठोकायची? आणि आयएसओ ४० टेपरचा आर्बर स्पिंडलमध्ये चिकटलाय, ड्रॉबार (आर्बर मागून ओढून धरणारा लांब बोल्ट) पूर्ण काढून टाकू का?

प्रतिसाद:
घण नको, बरोबर आहे तुमचं. गिबचा जाड टोकाकडचा स्क्रू आधी काढा, मग बारीक टोकावर पितळी दांडा ठेवून हळूहळू ठोका. जाड टोकाकडं जरा सरकली की पकड सुटते. वाळलेल्या तेलाला नुसतं डिझेल वेळ लावतं; थिनर मिसळा, पण रंग जाईल आणि जवळ वेल्डिंग नको.

ड्रॉबार काढू नका ओ! एक-दोन आटे सैल करा आणि मागून त्याच्या डोक्यावर तांब्याची हातोडी मारा. आयएसओ ४० चा ७:२४ टेपर मोर्स टेपरसारखा स्वतःहून धरून बसत नाही, तेल नाहीतर गंजानंच चिकटला असणार. सुटताना आर्बर खाली पडेल, आधार द्या.

मूळ प्रश्नकर्ता:
आर्बर निघाला, धन्यवाद! गिबही सरकली, सॅडल आता थोडं हलतंय. असंच पुढं-मागं करत मोकळं करून ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल सोडलं तर चालेल का?

प्रतिसाद:
नाही. सॅडल पूर्ण उतरवा. तेलाच्या चरांत तोच नमदा भरलेला असणार, नवं तेल स्लाइडपर्यंत पोचायचंच नाही. वजन भरपूर आहे, चेन ब्लॉक लावूनच उचला.