चौक भरपूर, तरी वळसा मोठा: मोजणीत चुकतंय कुठे?

नकाशावेडा:
पुणे पसरत गेलं तसं रस्त्यांचं जाळं कसं बदललं, हे ओएसएमएनएक्स (ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्त्यांचं जाळं काढणारी संगणकीय प्रणाली) वापरून मोजतोय. तीन तुकडे घेतलेत: सदाशिव-नारायण पेठ, बाणेर (१९९७ साली हद्दीत आलेलं) आणि २०१७ साली आलेल्या ११ गावांपैकी एकातला गुंठेवारीचा (शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने विकून झालेल्या वस्तीचा) पट्टा. निकष एकच, दर चौ. किमी.मागे चौक किती. बाहेर जावं तसा आकडा घसरेल असं वाटलं होतं, पण गुंठेवारीचा पट्टा पेठेच्या बरोबरीला येतोय. नकाशा डोळ्यांनी पाहिला तर तिथं मागच्या गल्लीत जायलासुद्धा आधी मुख्य रस्त्यावर यावं लागतं. निकष चुकलाय की विदा?

तिठेमोजणी:
निकष. एक साधं गणित करून बघा. ३० मी. रुंद आणि १३५ मी. खोल अशी शेताची पट्टी म्हणजे जवळपास १ एकर, ४० गुंठे. अशा पट्ट्या १ किमी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि प्रत्येकीत मधून एक गल्ली काढली आहे, असं धरा. एका बाजूला ३३ गल्ल्या, दोन्हीकडे मिळून ६६ तिठे (तीन रस्ते मिळतात त्या जागा). क्षेत्र फक्त ०.२७ चौ. किमी. म्हणजे दर चौ. किमी.ला २४० च्या वर 'चौक'! उलट दर १०० मी.वर रस्ता असलेल्या चोख चौकटीत हाच आकडा १०० येतो. अशी फणी (एक रस्ता आणि त्याला दातांसारख्या बंद गल्ल्या) चौकटीला हरवते, कारण तिच्या प्रत्येक दातामागे एक तिठा मोजला जातो आणि दाताचं बंद टोक कोणी मोजतच नाही.

म्हणून तीन आकडे सोबत काढा.

१) बंद टोकांचं प्रमाण: एकूण बिंदूंपैकी (चौक, तिठे आणि बंद टोकं) किती बिंदूंना एकच रस्ता लागतो. वरच्या फणीत निम्मे.
२) एका बिंदूला सरासरी किती रस्ते. चौकटीत ४, फणीत (३+१)/२ म्हणजे २. हा आकडा एकटाच तुमचं कोडं सोडवेल.
३) वळसा: चालण्याचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. चौकटीत तो कोणत्याही दिशेला १.४१ च्या वर जात नाही, सरासरी १.२७ च्या आसपास राहतो.

वळसा काढताना ३०० ते १००० मी. अंतरावरच्या जोड्याच घ्या. पाठीला पाठ लावलेल्या दोन घरांमध्ये ४० मी. अंतर आणि फिरून १.२ किमी असेल तर गुणोत्तर ३० येतं, आणि अशा दोन-चार जोड्या अख्खी सरासरी नासवतात. सरासरीऐवजी मध्यक वापरलात तर उत्तम.

फाटक_बंद:
निकषाबद्दल सहमत, पण विदाही तपासा. ओएसएमएनएक्सकडून 'ड्राइव्ह' (फक्त गाड्यांचं) जाळं मागवलंत तर खासगी प्रवेशाची खूण असलेले रस्ते गळतात. सोसायटीच्या आतले रस्ते कुणी खासगी म्हणून खुणावलेत, कुणी नाहीत. त्यामुळे बाणेरचा आकडा नकाशा कुणी काढला यावर हलतो. 'ऑल' (खासगी धरून) आणि 'ऑल पब्लिक' (खासगी वगळून) अशी दोन्ही जाळी काढा. दोन्हींतला फरक म्हणजे फाटकाआड गेलेले रस्ते, आणि बाणेर-बालेवाडीकडे खरी गोष्ट तीच आहे.

दुभाजक असलेल्या दोन रस्त्यांचा एक चौक चार बिंदू म्हणून मोजला जातो. १० ते १५ मी. सहनमर्यादा ठेवून बिंदू एकत्र करा. पेठेत मात्र १५ नको. बोळ इतके जवळजवळ आहेत की दोन खरे तिठे एकात विरघळतात.

आणखी एक. हद्दीत आल्याचं साल म्हणजे वस्ती झाल्याचं साल नव्हे. बऱ्याच गावांत बांधकाम आधी झालं, महापालिका मागून आली. काळाचा क्रम लावायचा असेल तर जीएचएसएलचा (उपग्रहचित्रांवरून जगभरच्या वस्तीचा नकाशा) बांधीव क्षेत्राचा थर घ्या (१९७५, १९९०, २०००, २०१४) आणि रस्त्याचा तुकडा पहिल्यांदा कोणत्या थरात बांधीव दिसतो ते बघा.

पाणंद:
फणी तयार का होते ते ७/१२ आणि फाळणी नकाशा (जमिनीच्या वाटण्या दाखवणारा) पाहिल्यावर कळतं. वाटण्या होताना प्रत्येक भावाला रस्त्याचं तोंड हवं, म्हणून शेत लांबट चिरलं जातं. पुढे एकेक पट्टी विकली जाते. ३० मी. पट्टीत ६ मी. गल्ली म्हणजे पाचवा हिस्सा आधीच गेला. मागच्या गटाला जोडून द्यायला कोण आणखी जागा सोडेल? शिवाय मागचा मालक वेगळा, त्याचा व्यवहार दहा वर्षांनी. तोवर टोकाला कंपाउंड पडलेलं असतं. गुंठेवारी कायद्याने (२००१) भूखंड नियमित होतात, पण नसलेला रस्ता त्याने उगवत नाही.

पेठेशी तुलना करताना टेकड्या, नदी, रेल्वे आणि कात्रज-देहूरोड बायपास वेगळे धरा. तिथला वळसा मालकांमुळे नाही, भुयारी मार्ग किती अंतरावर आहेत त्यामुळे आहे.

नकाशावेडा:
बिंदूमागे रस्त्यांची सरासरी काढली. पट्टा पेठेच्या बराच खाली गेला, कोडं सुटलं. आता पुढचं: अशी फणी नंतर जोडता येते का?

पाणंद:
येते, पण महाग. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखतात. त्याने आहे तो रस्ता रुंदावतो, बंद टोक उघडत नाही. नवा रस्ता काढायचा तर कलम २०५, म्हणजे भूसंपादन, टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क) किंवा रोख. विकास आराखड्यात रेषा दाखवून ठेवली तरी १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक एमआरटीपीच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं.

खरा उपाय नगररचना योजना. सगळे गट एकत्र करून आधी रस्ते आखायचे, मग प्रत्येकाला लहान पण चौकोनी अंतिम भूखंड परत. मुंबई प्रांताचा कायदा १९१५ चा, म्हणजे कल्पना नवी नाही. अहमदाबादने ती सोडली नाही, आपण मधली कित्येक दशकं जवळजवळ विसरलो. बांधकाम उभं राहायच्या आत केली तरच ती चालते.

तिठेमोजणी:
एक स्वस्त पर्याय राहिला. गाडीचा रस्ता नसेल तर ३ मी.ची पायवाट तरी. गावनकाशावर पाणंद (शेतांमधली वाट) किंवा शीव रस्ता (दोन गावांच्या हद्दीवरचा) तुटक रेषेने दाखवलेला असतो. तुमच्या बंद टोकांच्या थरावर तो नकाशा बसवा आणि २० मी.च्या आत कोणती टोकं येतात ते काढा. तिथं नवी जागा घ्यावी लागत नाही, फक्त अतिक्रमण मोजून हटवावं लागतं. वळसा पुन्हा काढताना 'वॉक' (पायी चालण्याचं) जाळं घ्या, नाहीतर पायवाटेचा फायदा आकड्यात दिसणारच नाही.