व्हिएन्नाच्या श्टाट्सओपरमध्ये पहिल्यांदाच ऑपेरा पाहायचा आहे : मार्गदर्शन हवे

रेवा_प

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे व्हिएन्नाला जाणार आहोत आणि तेथील श्टाट्सओपर या ऑपेरागृहात एक प्रयोग पाहायचे आम्ही ठरवले आहे. तिघांनाही गाण्याची मनापासून आवड आहे, सासूबाईंनी तर तरुणपणी संगीत नाटके पुष्कळ पाहिली आहेत, पण ऑपेरा मात्र आमच्यापैकी कोणीही प्रत्यक्ष ऐकलेला नाही. संकेतस्थळावर पाहिले तर काही तिकिटे दोनशे युरोंच्या वर आहेत आणि काही इतकी स्वस्त, की त्यांत काही अडचण असणार अशी शंका येते.

मला मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जागा कोणती निवडावी? भाषा येत नसताना आणि कानाला सवय नसताना कोणती कलाकृती पाहिल्यास ती खऱ्या अर्थाने पोहोचेल? आणि सासूबाईंना फार वेळ एका जागी बसवत नाही, तर त्यांच्या दृष्टीने काय सोयीचे होईल? केवळ ‘जाऊन आलो’ असे म्हणण्यापुरते आम्हाला जायचे नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

शरयूतीर

रेवाताई, स्वस्त तिकिटांविषयीची तुमची शंका काही अंशी रास्त आहे, परंतु सर्वच स्वस्त तिकिटांना ती लागू पडत नाही. श्टाट्सओपरचे प्रेक्षागृह घोड्याच्या नालेच्या आकाराचे आहे. तळाशी सपाटीवरच्या रांगा, भोवती एकावर एक अशा लॉजच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र कक्षांच्या, ओळी, त्यांच्यावर बाल्कनी आणि सर्वांत वर गॅलरी, अशी त्याची मांडणी आहे. दोन्ही बाजूंच्या लॉजमध्ये मागच्या ओळीतल्या खुर्च्या कमी दरात मिळतात खऱ्या, पण तेथून रंगमंचाचा मोठा भाग दिसत नाही आणि मान वाकडी करून किंवा उठून उभे राहून पाहावे लागते. ‘मर्यादित दृश्य’ असे लिहिलेले तिकीट पहिल्या भेटीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा बाल्कनीच्या किंवा गॅलरीच्या मध्यभागी बसावे. अंतर जास्त असले तरी संपूर्ण रंगमंच समोर राहतो आणि वाद्यवृंद व गायक यांचा आवाज वर अतिशय एकजीव होऊन पोहोचतो.

स्वस्त तिकिटांचा दुसरा प्रकार म्हणजे उभ्याने ऐकण्याच्या जागा, आणि या शहराच्या संगीतप्रेमाचा खरा गाभा तेथेच पाहायला मिळतो. अशा शेकडो जागा येथे दररोज विकल्या जातात. त्यांतील सर्वांत मोलाच्या जागा तळमजल्यावर, बरोबर मध्यभागी, पूर्वी जो सम्राटाचा राजकक्ष होता त्याच्या थेट खाली आहेत. म्हणजे अतिशय महागड्या आसनांवरून जे दृश्य दिसते जवळजवळ तेच दृश्य अगदी थोड्या पैशांत मिळते. ही तिकिटे प्रयोगाच्याच दिवशी विक्रीला येतात. ती ऑनलाइन घेता येतात आणि प्रयोगापूर्वी तिकीट खिडकीवरही मिळतात. नेमकी वेळ त्या हंगामाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी. आत गेल्यावर समोरच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधला की ती जागा तुमची झाली असे सगळे मानतात, आणि मग तुम्ही निश्चिंतपणे बाहेर फिरून येऊ शकता. इतक्या वर्षांचा हा अलिखित नियम लोक किती निष्ठेने पाळतात, हे पाहून मला त्या श्रोत्यांविषयी आदरच वाटला. तेथे उभे राहणाऱ्यांत विद्यार्थी असतात, वृद्ध असतात, एकच कलाकृती वेगवेगळ्या गायकांकडून पुन्हा पुन्हा ऐकायला येणारे असतात, आणि त्यांच्याइतके काटेकोर श्रोते महागड्या रांगांतही क्वचितच सापडतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ऑपेरागृहाभोवती अठराव्या शतकातील पोशाख घातलेले विक्रेते तिकिटे विकत असतात. ती बहुतेक वेळा शहरातील अन्य सभागृहांत पर्यटकांसाठी होणाऱ्या मैफलींची असतात, श्टाट्सओपरच्या प्रयोगाची नव्हेत. तिकीट केवळ अधिकृत संकेतस्थळावरून किंवा अधिकृत खिडकीवरूनच घ्यावे.

मंद्रसप्तक

कलाकृतीच्या निवडीविषयी लिहितो, कारण माझ्या मते त्या संध्याकाळचे यश जागेपेक्षाही निवडीवर अधिक अवलंबून असते. श्टाट्सओपरमध्ये एकच प्रयोग महिनाभर चालत नाही. सप्टेंबर ते जून या हंगामात जवळजवळ रोज प्रयोग असतो आणि आज एक कलाकृती, उद्या दुसरी, असा क्रम असतो. त्यामुळे तुमच्या मुक्कामात तीन-चार वेगवेगळ्या कलाकृतींचे पर्याय सहज असतील. आधी मुक्कामाच्या तारखा ठरवून मग जे मिळेल ते पाहण्याऐवजी, कार्यक्रमपत्रिका पाहून दिवस ठरवावेत.

इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘ला बोहेम’ किंवा ‘तोस्का’ यांपैकी एखादी कलाकृती मिळाली तर ती निःशंकपणे घ्यावी. दोन्हींत प्रत्यक्ष संगीत साधारण दोन तासांचे आहे, कथानक सरळ आहे आणि भावना शब्दांआधी सुरांतून कळतात. शिवाय या दोन्ही कलाकृतींची येथील मंचने स्वतःच इतिहासाचा भाग झाली आहेत. ‘तोस्का’चे मार्गारेटे वालमान यांचे मंचन १९५८ सालचे आणि ‘ला बोहेम’चे फ्रांको झेफिरेल्ली यांचे १९६३ सालचे. गायक बदलत गेले, पण त्याच नेपथ्यात पिढ्यान्‌पिढ्यांनी या भूमिका गायल्या आहेत. जर्मन संगीतकार रिशार्ड श्ट्राउसचा ‘डेर रोझेनकावालिअर’ व्हिएन्नातच घडतो आणि मला तो अतिशय प्रिय आहे, परंतु त्याचे संगीत तीन तासांहून अधिक आहे आणि विनोद संवादांत गुंफलेला आहे, म्हणून तो दुसऱ्या भेटीसाठी ठेवावा. दुसरा जर्मन संगीतकार वाग्नर याच्या बहुतेक दीर्घ कलाकृतींविषयीही माझे हेच म्हणणे आहे.

भाषेची चिंता करू नये. प्रत्येक आसनासमोर, इतकेच नव्हे तर उभ्याच्या जागांवरही, छोटा पडदा असतो आणि त्यावर इंग्रजीसह अनेक भाषांत संवाद वाचता येतात. तरीही माझा आग्रह असा, की कथा आणि प्रमुख दोन-तीन गीते घरीच वाचून-ऐकून जावीत आणि प्रयोगात त्या पडद्याकडे शक्य तितके कमी पाहावे. नाट्यपद सुरू होताच सासूबाईंचे लक्ष जसे शब्दांवरून गायकाच्या गळ्यावर जात असेल, तसेच येथे थेट आवाजावर जाऊ द्यावे.

ऐकताना एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. येथे गायकांना ध्वनिवर्धक नसतो. रंगमंचापुढच्या खड्ड्यात मोठा वाद्यवृंद पूर्ण जोमाने वाजत असतानाही एका माणसाचा आवाज गॅलरीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो, तो केवळ ओरडण्याने जात नाही. प्रशिक्षित गायकाच्या, विशेषतः पुरुष गायकाच्या, आवाजातील बरीच ऊर्जा ३००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीन हजार कंपनांच्या, आसपास एकवटलेली असते. वाद्यवृंदाचा जोर त्या कंपनांच्या पट्ट्यात तुलनेने कमी असतो आणि माणसाचा कान तेथे फार संवेदनशील असतो, म्हणून तो आवाज वाद्यांच्या भिंतीतून पलीकडे येतो. आणि त्या खड्ड्यातले वादक कोण आहेत हेही ध्यानात असू द्यावे. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचे सदस्य याच ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदातून निवडले जातात, आणि येथे किमान तीन वर्षे वाजवल्याशिवाय तिकडे सदस्यत्वासाठी अर्ज करता येत नाही.

टाळ्यांचे म्हणाल तर गीत संपल्यावर श्रोते वाजवतात तेव्हा वाजवाव्यात. नवख्याने आधी सुरुवात करू नये. वाग्नरच्या ‘पार्सिफाल’च्या पहिल्या अंकानंतर येथे परंपरेने टाळ्या वाजवल्या जात नाहीत.

रेवा_प

दोघांचेही मनापासून आभार. ‘तोस्का’ किंवा ‘ला बोहेम’ यांपैकी जे असेल त्याप्रमाणे तारखा ठरवू. पोशाखाचे आणि वेळेचे नियम किती कडक आहेत? आणि दिवसा ती वास्तू आतून पाहण्यासाठी वेगळे जावे का, की प्रयोगाच्या वेळी जे दिसते ते पुरेसे आहे?

वास्तुवेध

दिवसा अवश्य जावे. मार्गदर्शकासह साधारण ४० मिनिटांची फेरी असते आणि ती अनेक भाषांत उपलब्ध असते. तालमी आणि मंचाची तयारी यांनुसार तिच्या वेळा बदलतात, म्हणून त्या आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात. प्रयोगाच्या रात्री गर्दीत जे नुसते झगमगाटासारखे भासते त्याचा अर्थ या फेरीत उलगडतो, कारण ही इमारत एका काळाची नसून दोन काळांची आहे, आणि त्या दोन काळांमधला सांधा आपल्याला प्रत्यक्ष पाहता येतो.

एडुआर्ड फान डेर न्युल आणि आउगुस्ट झिकार्ड फॉन झिकार्ड्सबुर्ग या दोन वास्तुविशारदांनी हिचा आराखडा केला. बांधकाम सुरू झाल्यानंतर समोरच्या रिंगश्ट्रासे या रस्त्याची पातळी सुमारे एक मीटरने वाढवली गेली, त्यामुळे इमारत जमिनीत रुतल्यासारखी दिसू लागली आणि लोकांनी तिला ‘बुडालेली पेटी’ म्हणून हिणवले. टीकेचा भडिमार इतका झाला, की फान डेर न्युल यांनी एप्रिल १८६८ मध्ये आत्महत्या केली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच झिकार्ड्सबुर्ग यांचेही आजाराने निधन झाले. २५ मे १८६९ रोजी मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने या वास्तूचे उद्घाटन झाले, तेव्हा ती उभारणाऱ्या दोघांपैकी एकही हयात नव्हता. आज ज्या जिन्यावर सर्वजण हौसेने छायाचित्रे काढतात, त्या जिन्यावर क्षणभर थांबून या दोघांची आठवण व्हावी असे मला फार वाटते.

१२ मार्च १९४५ रोजी बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून खाक झाले, त्यांच्यासोबत असंख्य नाटकांचे नेपथ्य आणि वेशभूषाही गेली. समोरची बाजू मात्र वाचली. दर्शनी भाग, संगमरवरी भव्य जिना, मोरित्स फॉन श्विंड यांच्या भित्तिचित्रांचे दालन आणि चहाचे दालन हे सारे मूळचे आहे. तेथून आत प्रेक्षागृहात पाऊल टाकले की एकदम साधेपणा जाणवतो, सोनेरी नक्षी कमी होते, रेषा सरळ होतात. हा भाग एरिश बोल्टेनश्टेर्न यांनी युद्धानंतर नव्याने रचला. काही पर्यटकांना तो पाहून निराशा वाटते, पण मला त्या संयमातच या वास्तूचे मोठेपण दिसते. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने ती पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी ऑस्ट्रियातून परकीय सैन्ये गेली होती आणि ‘फिडेलिओ’ ही अन्यायाने कोंडलेल्या कैद्याच्या मुक्ततेची कथा आहे, हे लक्षात घेतले तर त्या रात्रीचे मोल कळते.

आता वेळेविषयी. एकदा प्रयोग सुरू झाला की उशिरा आलेल्याला मध्यंतरापर्यंत आपल्या जागेवर जाता येत नाही. संगीतकार गुस्टाव्ह मालर १८९७ ते १९०७ या काळात येथे संचालक होते, आणि उशिरा येणाऱ्यांना रोखण्याची शिस्त त्यांनीच कडकपणे लावली. अर्धा तास आधी पोहोचावे. कार्ल्सप्लाट्झ स्थानकावर यू १, यू २ आणि यू ४ या तिन्ही मेट्रोमार्गांनी येता येते आणि तेथून ऑपेरागृह अगदी जवळ आहे. ओव्हरकोट आणि मोठ्या पिशव्या सामानघरात ठेवाव्या लागतात. पोशाख नीटनेटका असला की पुरे. साडी तर अतिशय शोभून दिसेल. अर्ध्या चड्डीत किंवा साध्या चपलांत मात्र जाऊ नये.

शरयूतीर

सासूबाईंविषयीचा प्रश्न राहून गेला होता. त्यांच्यासाठी लॉजमधील पुढच्या ओळीची खुर्ची घ्यावी, कारण तेथे खुर्ची सुटी असते, पाय थोडे हलवता येतात आणि मागे-पुढे कोणाला त्रास होत नाही. ‘तोस्का’ आणि ‘ला बोहेम’ या दोन्हींचे अंक फार लांब नाहीत, म्हणून दोन्ही कलाकृती उपलब्ध असतील तर जिच्यात मध्यंतरे अधिक असतील ती त्यांच्या दृष्टीने सोयीची. वर जाण्यासाठी लिफ्ट आहे. आत शिरताच तेथील सेवकांना विचारावे.

तुम्ही मे महिन्यात जात आहात याचा आणखी एक फायदा आहे. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबर या महिन्यांतील अनेक संध्याकाळी आत चाललेला प्रयोग ऑपेरागृहाच्या बाजूच्या हर्बर्ट फॉन काराजान चौकात मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, तोही विनामूल्य आणि समोर खुर्च्या मांडून. मुक्कामाच्या पहिल्याच संध्याकाळी असे प्रक्षेपण असेल तर सासूबाईंना तेथे घेऊन जावे. त्यांना हे गाणे किती वेळ ऐकावेसे वाटते हे त्यांनाच ठरवता येईल, नको वाटले तर उठून जाण्याची मोकळीक राहील, आणि आतल्या प्रयोगाला त्या तुमच्यासोबत येणार की नाही हे त्यानंतर ठरवून, त्यांना उभ्याच्या जागेचा ताण नको म्हणून, त्यांच्यापुरते आसनाचे तिकीट शिल्लक असेल ते पाहता येईल. ‘तोस्का’साठी मात्र वाट पाहू नये, तिची चांगली आसने लवकर संपतात, म्हणून ती निवडल्यास तिघांचीही तिकिटे आत्ताच घ्यावीत.