मदत हवी आहे: मामलेदार पणजोबांच्या नोंदी कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा (आजीचे वडील) साधारण 1912 ते 1930 या काळात मुंबई इलाख्यात मामलेदार, म्हणजे तालुक्याचे महसूल अधिकारी, होते. 1903 च्या कायद्याने सुरू झालेली जमिनींची हक्कनोंदणी, म्हणजे वहिवाट, गहाण, वाटणीचे फेरफार तपासणं, हे त्यांचं मोठं काम. थंडीत तंबू ठोकून गावोगाव जमाबंदीचा (शेतसाऱ्याचे हिशेब तपासायचा) दौरा चाले, असं आजी सांगायची. घरात उरलीय फक्त त्यांची मोडीतली एक वही, आणेवारीच्या, म्हणजे पिकाच्या आण्यांतल्या अंदाजाच्या, आकड्यांनी भरलेली. ती हातात घेतली की गलबलून येतं.

त्यांच्या नेमणुका, बदल्या शोधायला आधी पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊ की मुंबईच्या? महसुली मोडी वाचणारं कुणी असेल तर कृपया कळवा. आजीची धाकटी बहीण नव्वदीत आहे, तिला वाचून दाखवायचंय.