प्रतिसाद: कयाक सहसा उलटत नाही, पण रुतते

"गाईड सोबत असला की सकाळी कधीही उतरा, कयाक काही उलटत नाही," असं कयाकिंगवरच्या मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. (कयाक म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी.) सहसा उलटत नाही हे खरं. पण ठाण्याजवळ घोडबंदरला गायमुखपाशी उल्हास नदी म्हणजे जवळजवळ खाडीच, तिथे 'कधीही' चालत नाही. आम्ही चौघं गेलो ती सप्तमी होती. साडेसातला उतरलो, ओहोटीबरोबर मस्त वाहत गेलो, फोटोबिटो झाले. दहाला परतताना प्रवाह उलटा, आणि काठाशी पाणीच नाही! शेवटचे वीस-पंचवीस फूट गुडघाभर चिखलातून कयाक ओढत आलो. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे. गाईड बिचारा मुंबईबाहेरचा, त्याला वारा कळत होता, भरती नाही.

काठावरच्या एका कोळी काकांनी मग हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. सप्तमी म्हणजे सव्वापाच. म्हणजे आम्ही उतरलो तेव्हा पाणी केव्हाच उतरणीला लागलेलं. द्वादशीला नऊ येतात. (अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, शिवाय खाडीत आत भरती किनाऱ्यापेक्षा उशिरा पोचते.) त्यामुळे एकादशी-द्वादशीच्या सुमारास सातला उतरायचं, भरतीबरोबर वर जायचं आणि ओहोटी लागली की लगेच तिच्याबरोबर परत, काठाला पाणी असेपर्यंत. हात निम्मे दुखतात. कनू (कयाकसारखीच, पण वरून उघडी होडी) घेणार असाल तर हे जास्तच पाळा. तिचं वल्हं एकाच पात्याचं, उलट्या प्रवाहात नवशिक्याची नुसती गिरकी होते.